पोर्तुगालची २५ एप्रिलची क्रांती आणि गोवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९ डिसेंबर १९६१ ही तारीख गोव्यात आणि महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक असते. २५ एप्रिल १९७४ मात्र क्वचितच कुणाला आठवते. ज्या राजवटीनं आपले सत्याग्रही आग्वादच्या किल्ल्यात डांबले, ती राजवट या दुसऱ्या तारखेला खुद्द लिस्बनमध्ये कोसळली. ती पाडणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांच्या मनात गोव्यात काय घडलं होतं ते पक्कं बसलेलं होतं. गोवा मुक्तिसंग्रामाची गोष्ट या दुसऱ्या तारखेशिवाय पुरी होत नाही, असं मला वाटतं. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

२५ एप्रिलला नेमकं काय घडलं?

पोर्तुगालच्या लष्करातल्या मधल्या फळीच्या अधिकाऱ्यांनी, म्हणजे मुख्यतः कॅप्टन आणि मेजर हुद्द्याच्या लोकांनी, एका दिवसात ४८ वर्षांची हुकूमशाही उलथवली.

सगळं ठरलं होतं रेडिओवर. २४ एप्रिलच्या रात्री अकराला पाच मिनिटं कमी असताना लिस्बनच्या एका केंद्रावरून एक साधं प्रेमगीत लागलं. त्या वर्षीच्या युरोव्हिजन स्पर्धेत पोर्तुगालतर्फे गायलं गेलेलं ते गाणं होतं, त्यामुळे कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. तो पहिला इशारा: तयार राहा. मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनी दुसऱ्या केंद्रावरून 'ग्रांदोला, व्हिला मोरेना' वाजलं. झेका अफोन्सो या गायकाची कितीतरी गाणी सरकारनं बंद केली होती, हे तेवढं सुटलं होतं. हा दुसरा इशारा: निघा, आता माघार नाही.

सांतारेंच्या घोडदळ प्रशाळेत कॅप्टन साल्गेरो माया यांनी जवानांना झोपेतून उठवलं आणि सरळ सांगितलं, ज्यांना यायचं त्यांनी बाहेर रांगेत उभं राहावं, बाकीच्यांनी इथंच थांबावं. सगळे बाहेर आले. माया तेव्हा २९ वर्षांचे होते. चिलखती गाड्यांचा ताफा घेऊन ते पहाटे लिस्बनच्या नदीकाठच्या मोठ्या चौकात पोचले. तिथे सरकारशी एकनिष्ठ असलेले रणगाडे समोर आले. ब्रिगेडियरनं गोळीबाराचा हुकूम दिला. तरुण अधिकाऱ्यानं तो मानला नाही. मग हुकूम थेट रणगाड्यातल्या एका कॉर्पोरलला दिला गेला. जुझे अल्व्हेस कॉश्ता हे त्याचं नाव. त्यानंही तोफ डागली नाही. माझ्या मते क्रांतीचा निकाल त्याच क्षणी लागला. हुकूम सुटला आणि तो पाळायला कुणी उरलं नाही, की राजवटीचा धाक संपतो.

पंतप्रधान मार्सेलो कायतानो कार्मो इथल्या नॅशनल गार्डच्या बराकीत जाऊन बसले होते. मायांनी तिला वेढा घातला. रेडिओवरून लोकांना वारंवार घरातच थांबायची विनंती होत होती, पण लोकांनी ती मुळीच ऐकली नाही. चौक, झाडं, गच्च्या सगळं माणसांनी भरून गेलं. सत्ता रस्त्यावर पडू नये म्हणून ती एखाद्या जनरलच्याच हाती सोपवीन, असं कायतानोंचं म्हणणं पडलं. तेव्हा आफ्रिकेतल्या गिनी वसाहतीत सेनापती राहिलेले जनरल स्पिनोला यांना बोलावण्यात आलं आणि संध्याकाळी शरणागती झाली. कायतानोंना आधी मदेइरा बेटावर आणि नंतर ब्राझीलला पाठवलं गेलं.

बंदुकीत फुलं कुणी लावली?

सेलेस्त कायेरु या बाई लिस्बनमधल्या एका उपाहारगृहात काम करत. त्या दिवशी उपाहारगृहाचा पहिला वाढदिवस होता, गिऱ्हाइकांना देण्यासाठी कार्नेशनची फुलं आणून ठेवलेली. शहरात सैन्य उतरलंय म्हटल्यावर मालकानं दुकान उघडलंच नाही आणि फुलं नोकरांना घरी न्यायला सांगितली. वाटेत एका शिपायानं त्यांच्याकडे सिगारेट मागितली. त्यांच्याकडे सिगारेट नव्हती, म्हणून त्यांनी एक फूल दिलं. त्यानं ते बंदुकीच्या नळीत खोचलं. मग बाकीच्यांनीही मागितलं, आणि फुलं विकणाऱ्या बायकांनीही आपली फुलं वाटायला सुरुवात केली. सेलेस्तबाई २०२४ साली वारल्या.

ही क्रांती रक्तहीन होती ना?

तसं म्हणण्याची पद्धत आहे, पण ती मला पटत नाही. त्याच संध्याकाळी 'पिदे' या गुप्त पोलीस दलाच्या मुख्यालयाबाहेर लोक जमले. आतून गोळीबार झाला आणि चौघे मेले. आणि त्याआधीची तेरा वर्षं आफ्रिकेत जे रक्त वाहत होतं ते हिशेबातून कसं वगळायचं? अंगोलात १९६१ पासून, गिनीत (म्हणजे आजच्या गिनी-बिसाऊत) १९६३ पासून आणि मोझांबिकमध्ये १९६४ पासून युद्ध चालू होतं. पोर्तुगालचे आठ हजारांहून जास्त सैनिक त्यात गेले. आफ्रिकन मृतांची संख्या त्याच्या कितीतरी पट आहे.

सालाझार आणि त्यांची राजवट म्हणजे काय?

अंतोनियो द ओलिव्हेरा सालाझार हे कोईंब्रा विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. १९२६ च्या लष्करी उठावानंतर, १९२८ साली ते अर्थमंत्री झाले, १९३२ ला पंतप्रधान. १९३३ ला त्यांनी नवी राज्यघटना आणली आणि आपल्या व्यवस्थेला 'नवं राज्य' असं नाव दिलं. निवडणुका होत, पण विरोधक निवडून येत नसत. वर्तमानपत्रं छापण्याआधी सेन्सॉरकडे जात आणि त्याची निळी पेन्सिल फिरूनच बाहेर येत. शेजारीपाजारी, हॉटेलातला वेटर, वर्गातला मित्र, यांतलं कोण पिदेचं खबरी आहे हे कळायला मार्ग नसे. १९६८ मध्ये सालाझार आजारानं खाटेला खिळले तेव्हा कायतानो आले. थोडी मोकळीक मिळेल अशी आशा निर्माण झाली, पण ती फार टिकली नाही.

देश मात्र गरीबच राहिला. १९७० च्या जनगणनेत चारातल्या एकाला लिहिता-वाचता येत नव्हतं. लाखो तरुण पोटासाठी आणि लष्करी भरती चुकवण्यासाठी चोरवाटेनं डोंगर ओलांडून फ्रान्सला गेले.

गोवा ही वसाहत नाही, पोर्तुगालच आहे, असा दावा ते कशाच्या जोरावर करत?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, कारण राष्ट्र म्हणजे काय याचा झगडा इथेच आहे.

आधी थोडं मागे जाऊ. १९१० साली पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं. चर्च आणि सरकार वेगळी झाली. गोव्यातल्या हिंदूंना तेव्हा नोकऱ्या, शिक्षण आणि संस्था उभारण्याच्या बाबतीत बरोबरीचे हक्क मिळाले आणि शाळा, वाचनालयं, मराठी वर्तमानपत्रं यांना चांगलाच जोर आला. म्हणजे पोर्तुगालमधली एक क्रांती गोव्याच्या चांगल्याच कामी आली होती. १९३० साली सालाझारनी 'वसाहत कायदा' आणला आणि चाक उलटं फिरलं. समुद्रापलीकडचे प्रदेश ताब्यात ठेवणं आणि तिथल्या लोकांना 'सुसंस्कृत' करणं हे पोर्तुगीज राष्ट्राचं अंगभूत कार्य आहे, असं त्या कायद्यात लिहिलेलं होतं. त्याच वर्षी जुलैत लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या विधिमंडळात उभं राहून त्याविरुद्ध ठराव मांडला, की आपलं भवितव्य आपण ठरवण्याचा हक्क पोर्तुगीज भारतानं सोडलेला नाही. ज्या काळात पणजीत असं बोलणं म्हणजे आयुष्य पणाला लावणं होतं, त्या काळात एका गोमंतकीयानं हे अस्खलित पोर्तुगीजमधून सुनावलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

१९३४ मध्ये एक नकाशा छापला गेला. त्यात अंगोला, मोझांबिक वगैरे प्रदेश युरोपच्या नकाशावर पसरून ठेवले होते आणि मथळा होता, पोर्तुगाल हा लहान देश नाही. तो शाळाशाळांत लागला. मुलांच्या दोन-तीन पिढ्या तो बघत वाढल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर वसाहती मोकळ्या होऊ लागल्या, संयुक्त राष्ट्रांत प्रश्न येऊ लागले. त्यावर सालाझारनी १९५१ मध्ये तोडगा काढला: 'वसाहत' हा शब्द पुसून 'सागरापारचा प्रांत' असा शब्द घातला. भारत बोलणी करू पाहत होता, पण लिस्बनचं उत्तर ठरलेलं असे. आमच्याकडे वसाहतच नाही, तर सोडायचं काय?

या कल्पनेत पोर्तुगीज माणूसही अडकला होता. साम्राज्य गेलं तर आपण युरोपच्या टोकावरचा एक गरीब कोपरा उरू, ही भीती त्याला सतत घातली जात होती आणि ती दाखवून त्याच्याकडून गप्प राहण्याची किंमत वसूल केली जात होती.

गोवा गेल्याचा पोर्तुगीज लष्करावर काय परिणाम झाला?

फार खोल परिणाम झाला आणि आपल्याकडे तो जवळजवळ अज्ञात आहे.

डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यात पोर्तुगालचे साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक होते. भारतीय फौज त्यांच्या दहापटीहून मोठी. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांना सालाझारची तार आली. तिचा मतलब असा, की तह नको, कैदी नकोत, आमचे सैनिक एक तर जिंकतील नाही तर मरतील. वासालो ई सिल्वा यांनी तो हुकूम पाळला नाही. १९ डिसेंबरला त्यांनी शरणागती पत्करली. शेकडो जीव वाचले, पणजीच्या आणि मडगावच्या इमारती शाबूत राहिल्या. शत्रुपक्षाचा सेनापती असला तरी या निर्णयाबद्दल त्यांचं ऋण गोवेकरांनी मानावं, असं मी मनापासून म्हणतो.

लिस्बननं त्यांना काय दिलं? तीन हजारांवर युद्धकैदी मे १९६२ मध्ये मायदेशी परतले, तेव्हा धक्क्यावर हत्यारबंद लष्करी पोलीस उभे होते. घरच्यांना लगेच भेटूही दिलं नाही. १९६३ मध्ये वासालो ई सिल्वा आणि आणखी काही अधिकारी सैन्यातून बडतर्फ झाले. म्हणजे राजकारण्यांच्या हट्टाची शिक्षा शिपायांना मिळाली.

बाकीच्या अधिकाऱ्यांनी हे नीट पाहून ठेवलं. पुढे गिनीत अमिल्कार काब्राल यांनी उभ्या केलेल्या चळवळीनं पोर्तुगीज फौजेची कोंडी केली. १९७३ च्या जानेवारीत काब्राल यांचा खून झाला तरी चळवळ थांबली नाही. त्याच वर्षी तिच्याकडे विमानवेधी क्षेपणास्त्रं आली आणि सप्टेंबरात तिनं स्वातंत्र्य जाहीरही केलं. तेव्हा तिथल्या कॅप्टन मंडळींत बोललं जाऊ लागलं, की आपली गत गोव्यासारखी होणार: हरण्यासाठी पाठवायचं आणि हरल्यावर दोष आपल्याच माथी मारायचा. ही भीती पोकळ नव्हती. बोलणी करण्यापेक्षा गिनीत लष्करी पराभव झालेला परवडला, असं कायतानोंनी स्पिनोलांना सुनावलं होतं.

मग बंडाची ठिणगी तिथूनच पडली का?

ठिणगी तशी किरकोळ कारणावरून पडली. अधिकारी कमी पडू लागले म्हणून १९७३ च्या जुलैत सरकारनं फर्मान काढलं, की सक्तीच्या भरतीतून आलेल्या अधिकाऱ्यांना छोटासा अभ्यासक्रम करून कायम करता येईल. वर्षानुवर्षं अकादमीत घासून आलेल्या कॅप्टनांची ज्येष्ठता त्यामुळे धोक्यात आली. सप्टेंबरात एव्होराजवळच्या एका शेतावर शंभराहून जास्त अधिकारी गुपचूप जमले. बोलणं बढतीवरून सुरू झालं, पण अशी माणसं एकदा मोकळेपणानं बोलू लागली की गाडी मूळ दुखण्यावर येतेच. युद्ध जिंकता येत नाही आणि सरकार ते थांबवत नाही, तर सरकारच बदलायला हवं. फेब्रुवारी १९७४ मध्ये खुद्द स्पिनोलांनी पुस्तक लिहून लष्करी विजय अशक्य असल्याचं सांगितलं, आणि जे बराकीत कुजबुजलं जात होतं ते दुकानात विकत मिळू लागलं. मार्चमध्ये काल्दास दा रायन्या इथल्या तुकडीनं घाई करून उठाव केला, तो फसला. महिनाभरानं मेजर ओतेलो साराइव्हा द कार्व्हाल्यो यांनी आखलेला बेत फसला नाही.

गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक पोर्तुगालच्या तुरुंगात होते ना?

होते. गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं ते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लोहियांच्या १९४६ च्या चळवळीनंतर लष्करी न्यायालयानं आठ वर्षांची शिक्षा ठोठावून पेनिशच्या किल्ल्यात धाडलं. पुरुषोत्तम काकोडकरही तिथे होते. समुद्राच्या लाटा तटाला धडकतात असा हा किल्ला. पोर्तुगालचे कम्युनिस्ट आणि लोकशाहीवादीही तिथेच कैदेत असत. एकाच राजवटीचे दोन देशांतले विरोधक एका भिंतीआड होते. आज तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे.

आणि मोहन रानडे. सांगलीचा हा माणूस शिक्षक बनून गोव्यात शिरला, आझाद गोमंतक दलात लढला आणि १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. त्यांना लिस्बनजवळच्या काशियास तुरुंगात नेलं. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, तरी रानडे आतच. सुधीर फडके यांच्यासारख्यांनी त्यांच्या सुटकेसाठी जिवाचं रान केलं. १९६९ च्या जानेवारीत ते बाहेर आले. काशियासचे दरवाजे पोर्तुगीज राजकीय कैद्यांसाठी उघडले ते क्रांतीनंतर, २६ एप्रिल १९७४ च्या रात्री.

गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालनं कधी मान्य केलं?

१९६१ ते १९७४ अशी तेरा वर्षं त्यांनी मान्य केलं नाही. त्यांच्या कागदोपत्री गोवा हा 'शत्रूनं व्यापलेला प्रांत' राहिला.

क्रांतीनंतर आठ महिन्यांनी, ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत करार झाला. पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री मारियो सोआरेस यांनी सही केली. सोआरेस स्वतः सालाझारच्या तुरुंगात राहून आणि हद्दपारी भोगून आलेले. भारतातर्फे सही करणारे परराष्ट्रमंत्री होते यशवंतराव चव्हाण. गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगर हवेली हे प्रदेश भारताच्या राज्यघटनेनुसार ज्या तारखांना भारताचे झाले, त्या तारखांपासूनच पोर्तुगाल भारताचं सार्वभौमत्व मान्य करतो, असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे मान्यता मागील तारखेपासून. १९५५ पासून तुटलेले राजनैतिक संबंधही पुन्हा जुळले. वासालो ई सिल्वा यांना त्यांचा हुद्दा परत मिळाला आणि १९८० मध्ये ते गोव्याला येऊनही गेले.

सगळं लगेच मिटलं असं नाही. १९६१ मध्ये पोर्तुगीज बँकेनं गोवेकरांनी गहाण ठेवलेले दागिने लिस्बनला हलवले होते. ते परत यायला १९९१ उजाडलं. मधल्या तीस वर्षांत कितीतरी मूळ मालक निघून गेले होते.

लष्करानं सत्ता घेतली, मग नवी हुकूमशाही का आली नाही?

येऊ शकली असती. पुढचे एकोणीस महिने देश कड्यावर उभा होता. सरकारं पडत होती, बँका सरकारजमा झाल्या, दक्षिणेकडच्या अलेंतेजो भागात शेतमजुरांनी जमीनदारांच्या जमिनी ताब्यात घेतल्या. स्पिनोलांनी मार्च १९७५ मध्ये उलटं बंड करून पाहिलं आणि पळ काढला. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला डाव्या तुकड्यांचा उठावही मोडून काढण्यात आला.

पण अधिकाऱ्यांनी एक वचन पाळलं. वर्षाच्या आत निवडणूक घेऊ म्हणाले होते, ती बरोबर २५ एप्रिल १९७५ ला घेतली. नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी मतदान केलं. रांगेत उभ्या असलेल्या असंख्य म्हाताऱ्या माणसांसाठी आयुष्यातलं ते पहिलं खरं मत होतं. त्या मतदानानं कौल मधल्या पक्षांना दिला, टोकाच्यांना नाही, आणि बंदूकवाल्यांना तो डावलणं जड गेलं. २ एप्रिल १९७६ ला राज्यघटना मंजूर झाली. लष्कराची क्रांती परिषद १९८२ च्या घटनादुरुस्तीनं बरखास्त झाली. १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला.

बाकीच्या वसाहतींचं काय झालं?

गिनी-बिसाऊला १९७४ मध्येच मान्यता मिळाली. मोझांबिक, केप व्हर्दे, साओ तोमे आणि अंगोला १९७५ मध्ये स्वतंत्र झाले. अंगोला आणि मोझांबिकच्या वाट्याला लांबलचक यादवी आली. पूर्व तिमोरवर डिसेंबर १९७५ मध्ये इंडोनेशियानं ताबा मिळवला आणि तिथल्या लोकांना २००२ पर्यंत वाट पाहावी लागली. मकाव १९९९ मध्ये चीनकडे गेलं. आफ्रिकेतून पाचेक लाख पोर्तुगीज माणसं एक-दोन बॅगा घेऊन परतली. घाईत, तयारीविना सत्ता सोडल्याचा ठपका क्रांतिकारकांवर ठेवला जातो. मला वाटतं मोठा दोष आधीच्या तेरा वर्षांचा आहे. ज्यांच्याशी शांतपणे बोलायचं होतं त्यांच्यावर तेव्हा बॉम्ब टाकले जात होते.

पोर्तुगालचे पंतप्रधान झालेले अंतोनियो कॉश्ता गोव्याचे का?

त्यांचे वडील ओर्लांदो द कॉश्ता हे गोमंतकीय घराण्यातले लेखक, बालपण मडगावात गेलेलं. लिस्बनला शिकायला गेले, कम्युनिस्ट पक्षात आले आणि पिदेनं त्यांना अटकही केली. मुलगा २०१५ ते २०२४ पंतप्रधान होता. घरात त्याला 'बाबुश' म्हणत, मडगावात अजूनही म्हणतात.

आज पोर्तुगालमध्ये या क्रांतीबद्दल एकमत आहे का?

२५ एप्रिलला सार्वजनिक सुट्टी असते, लाल फुलं लावून मिरवणुका निघतात. तरी एकमत नाही. क्रांतीच्या पन्नासाव्या वर्षी, मार्च २०२४ मध्ये, 'शेगा' या अतिउजव्या पक्षाचे ५० खासदार निवडून आले. त्याच सुमारास राष्ट्राध्यक्षांनी गुलामीच्या आणि वसाहतीच्या काळातल्या अन्यायाची भरपाई करायला हवी असं म्हटलं, त्यावरून केवढा तरी गदारोळ झाला. वसाहतींतल्या युद्धांवर, विशेषतः तिथल्या हत्याकांडांवर, आजही घराघरांत आजोबा बोलत नाहीत.

गोवेकरांना पोर्तुगीज पासपोर्ट कसा मिळतो?

१९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेल्यांना लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, आणि त्यांच्या मुला-नातवंडांनाही त्या आधारे अर्ज करता येतो. ब्रिटन युरोपीय संघात होता तेव्हा हजारो गोवेकर या वाटेनं इंग्लंडला, खास करून स्विंडनला गेले. एक गोष्ट ध्यानात ठेवावी: भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं की भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो आणि मतदानाचा हक्क जातो. नुसती जन्मनोंदणी झाली तर नागरिकत्व गेलं असं समजायचं की नाही, यावरून गोव्यात वाद आणि कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. तेव्हा कागद लिस्बनला धाडण्याआधी जाणत्या वकिलाला दाखवा.